विशेषण की नुसती खूण? रिफ्लेक्शनमधल्या फ्लॅगांची चिकित्सा

मंडळी, आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघांनी आधीच एकमेकांकडे बघितलं, ते आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांनी संगणकाच्या भाषांवर का बोलावं? याचं उत्तर सरळ आहे. एखाद्या वस्तूचं वर्णन करायचं तर ते कसं करावं, हा प्रश्न आम्ही चाळीस वर्षं वर्गात शिकवला. आणि गेली काही वर्षं आमचा एक जुना विद्यार्थी, आता पुण्यात प्रोग्रॅमिंग करतो, तोच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतो. फक्त त्याच्या प्रश्नात देवदत्ताचं घर नसतं, जावातली मेथड असते.

आधी विषय काय आहे ते सांगतो. प्रोग्रॅम लिहिताना आपण व्याख्या करतो: हा क्लास, ही मेथड, हे फील्ड. त्या व्याख्येच्या मागेपुढे काही शब्द लावतो. पब्लिक, प्रायव्हेट, स्टॅटिक, फायनल. हे मॉडिफायर. मराठी व्याकरणातलं विशेषण म्हणा, सध्यापुरतं चालेल. पुढे ते चालणार नाही, पण सध्यापुरतं. आता रिफ्लेक्शन म्हणजे काय, तर प्रोग्रॅमनेच प्रोग्रॅमकडे बघणं. चालू प्रोग्रॅम विचारतो, "या क्लासमध्ये कोणत्या मेथडी आहेत? ही मेथड पब्लिक आहे का?" याला जी लायब्ररी उत्तर देते ती रिफ्लेक्शन लायब्ररी. आणि प्रश्न असा, की ते मॉडिफायर तिने कोणत्या रूपात हाती द्यावेत?

जावाने १९९७ साली, १.१ या आवृत्तीत, उत्तर दिलं: एक पूर्णांक. पब्लिकचा १, प्रायव्हेटचे २, प्रोटेक्टेडचे ४, स्टॅटिकचे ८, फायनलचे १६, असं दुपटीने पुढे. सगळ्यांची बेरीज करून एकच आकडा द्यायचा. प्रत्येक मॉडिफायर म्हणजे एक बिट, एक फ्लॅग, वर किंवा खाली. क्लास फाइलमध्ये यासाठी जागाच सोळा बिटांची ठेवलेली होती. लायब्ररीने तीच उचलून वाचकाच्या हातात ठेवली.

हे वाईट आहे असं आम्ही लगेच म्हणणार नाही. लाघव हा गुण आहे. स्टॅटिक आधी लिहिलं की पब्लिक आधी, याने अर्थ बदलत नाही, आणि बेरजेतही क्रम उरत नाही. म्हणजे इथे चित्रण वस्तूशी प्रामाणिक आहे. दोन व्याख्यांत समान काय, हे एका क्रियेत निघतं. ज्याने हे ठरवलं तो मूर्ख नव्हता, एवढं मान्य करून पुढे जाऊ.

आता आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट. तो जिथे काम करत होता तिथे एक साधन लिहिलं गेलं: अनेक थ्रेड जिथे एकाच वेळी हात घालतात अशा जागा शोधायच्या. जावात त्यासाठी व्होलटाइल हा मॉडिफायर आहे, तो फील्डला लागतो. साधनाने सरळ सगळ्या सभासदांचे मॉडिफायर छापले. यादीत कितीतरी मेथडी "पब्लिक व्होलटाइल" म्हणून आल्या. मेथडीला व्होलटाइल लावताच येत नाही! कंपायलर लिहूच देत नाही. मग हे कोणी लिहिलं? दोन दिवस लोक एकमेकांकडे संशयाने बघत होते.

कोणीच लिहिलं नव्हतं. तुम्हाला घरी करून बघता येईल असं उदाहरण देतो. जावाच्या स्ट्रिंग या क्लासमध्ये तुलना करणारी कम्पेअर-टू मेथड आहे. ती स्ट्रिंग घेते. पण २००४ साली जावा ५ मध्ये जेनेरिक आले तेव्हापासून कंपायलर तिच्या शेजारी आणखी एक मेथड गुपचूप तयार करतो, कोणतंही ऑब्जेक्ट घेणारी, जी काम पुढे ढकलते. हिला ब्रिज म्हणतात. या ब्रिजचा मॉडिफायर-आकडा येतो ४१६१. फोड करा: ४०९६ अधिक ६४ अधिक १. एक म्हणजे पब्लिक. ४०९६ म्हणजे सिंथेटिक, कंपायलरने बनवलेली. आणि ६४? फील्डवर ६४ म्हणजे व्होलटाइल. मेथडीवर ६४ म्हणजे ब्रिज. बिट तोच. आकडा शब्दांत छापणाऱ्या लायब्ररीला फक्त आकडा दिलेला असतो. तो फील्डचा की मेथडीचा हे तिला कळायला मार्ग नाही. ती बिचारी व्होलटाइल छापते. तसंच १२८चं. फील्डवर ट्रान्झिएंट, मेथडीवर कितीही आर्ग्युमेंट घेणारी. म्हणून अॅरेज क्लासमधली अॅज-लिस्ट ही रोजच्या वापरातली मेथड, आकडा १३७, "पब्लिक स्टॅटिक ट्रान्झिएंट" अशी छापली जाते. बत्तीसचंही तेच: मेथडीवर सिंक्रोनाइज्ड, क्लासवर भलतंच काही. गंमत म्हणजे मॉडिफायर क्लासच्या सोर्समध्येच एका टिपणीत कबुली आहे, की या बिटांचे फील्डवर आणि मेथडीवर वेगळे अर्थ आहेत आणि इथे ते वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून ते जाहीर केलेले नाहीत.

इथे कोणी म्हणेल, एकाच खुणेचे दोन अर्थ हाच दोष. आम्ही तसं म्हणणार नाही, आणि का म्हणणार नाही त्यासाठी पाणिनीकडे जावं लागेल.

पाणिनीचे अनुबंध, इत्संज्ञक वर्ण, हे आमच्या मते फ्लॅगच आहेत. प्रत्ययाला किंवा धातूला एक अक्षर चिकटवलेलं असतं. ते उच्चारात येत नाही, त्याचा लोप होतो. ते फक्त सांगतं की याच्याशी व्यवहार कसा करायचा. क्त या प्रत्ययातला क् असा आहे. कृ ला क्त लागला की कृत होतं, कर्त होत नाही, कारण तो क् गुण होऊ देत नाही. तृच् मध्ये क् नाही, म्हणून कर्तृ. किती कमी शब्दांत काम झालं बघा. आता पुढचं बघा. तोच क् आगमावर असेल तर गुणाशी त्याचा संबंध नाही. तिथे तो सांगतो की हा आगम शेवटी जोडा. ट् आगमावर असेल तर सुरुवातीला जोडा. आणि ट् प्रत्ययावर असेल तर स्त्रीलिंगी रूप ईकारान्त करा, कुरुचरचं कुरुचरी. ङ् धातूवर असेल तर धातू आत्मनेपदी, शीङ् म्हणून शेते. ङ् प्रत्ययावर असेल तर पुन्हा गुणाला मज्जाव. म्हणजे पाणिनीनेही खुणा पुन्हा पुन्हा वापरल्या, जावापेक्षा जास्त वापरल्या. तिथे गोंधळ का होत नाही?

कारण पाणिनीची खूण कधी एकटी फिरत नाही. सूत्रातच ठरलेलं असतं की ही गोष्ट आगमाची, ती धातूची, ती प्रत्ययाची. खूण अधिकरणासह येते. "ककार आहे" एवढंच वाक्य पाणिनीय व्याकरणात कोणी बोलत नाही; "कित् प्रत्यय" किंवा "कित् आगम" असं बोलतात. जावाच्या लायब्ररीने खूण वस्तूपासून सोडवून आकड्याच्या रूपात हातात दिली. १३७. कशाचे १३७? ते विचारायची सोय नाही.

जिथे पाणिनीच्या परंपरेतही खूण एकटी पडली तिथे त्रास झालाच. माहेश्वर सूत्रांत ण् दोनदा येतो, पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि सहाव्याच्या. मग अण् म्हटलं की कुठपर्यंतचे वर्ण घ्यायचे, पहिल्या ण् पर्यंत की दुसऱ्या? यावर भाष्यकारांनी शाई खर्च केली. नागोजीभट्टांनी परिभाषेन्दुशेखरात पहिलीच परिभाषा या प्रकारच्या संशयासाठी ठेवली: संशय आला म्हणून शास्त्र टाकून द्यायचं नाही, व्याख्यानावरून विशेष अर्थ ठरवायचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न साहेबांनी या ग्रंथाचं संपादन आणि इंग्रजी भाषांतर केलं, मुंबई संस्कृत मालेत, १८६८ ते १८७४. ज्यांना रस असेल त्यांनी बघावं. मुद्दा असा, की व्याख्यान करणारा गुरू समोर बसलेला असेल तर हा उपाय चालतो. यंत्र व्याख्यान करत नाही. त्याला १३७ दिले की ते १३७ वर चालतं.

जावावाल्यांना हे उशिरा का होईना उमगलं. मार्च २०२३ मध्ये आलेल्या जावा २० मध्ये अॅक्सेस-फ्लॅग नावाचा नवा प्रकार आला. त्यात आकड्याला अर्थ विचारताना स्थानही सांगावं लागतं: क्लास, फील्ड, मेथड, काय ते. म्हणजे अधिकरण परत आणलं. पंचवीस वर्षं लागली! जुना पूर्णांक अर्थातच अजून आहे, आणि बहुतेक लोक तोच वापरतात.

आता दुसरा आक्षेप. आमच्या दृष्टीने तो अधिक गंभीर आहे. पब्लिक, प्रायव्हेट, प्रोटेक्टेड हे तीन वेगळे बिट आहेत, पण वस्तुतः हे एका प्रश्नाचे पर्याय आहेत: "कोणाला दिसेल?" तीन स्वतंत्र बिट ठेवले की आठ स्थिती शक्य होतात. त्यातल्या चार निरर्थक, पब्लिकही आणि प्रायव्हेटही अशा. त्या नियमाने बाहेर ठेवाव्या लागतात. डॉटनेटमध्ये हे जास्त समजून केलेलं दिसतं; तिथे मेथडीची दृश्यता तीन बिटांच्या एका खान्यात एक संख्या म्हणून आहे, प्रायव्हेट १ पासून पब्लिक ६ पर्यंत. एका वेळी एकच.

उरलेल्या चारांतली एक स्थिती मात्र बारकाईने बघा: तिन्ही बिट खाली. जावात याचा अर्थ, त्याच पॅकेजातल्यांना दिसेल. म्हणजे एक भावरूप गोष्ट, एक ठाम नियम, केवळ अभावाने सांगितलेला आहे. वैशेषिकांच्या यादीत आधी सहाच पदार्थ होते, अभाव हा सातवा नंतर आला, आणि आला तो उगाच नाही. अभाव म्हटला की दोन प्रश्न येतात: कशाचा अभाव आणि कुठे? बिट शून्य आहे. याचा अर्थ "हा गुण नाही" असा? की "हा गुण इथे लागूच होत नाही" असा? की "गुण आहे, पण नोंदलेला नाही" असा? तिन्ही अर्थ जावात प्रत्यक्ष आढळतात. फील्डवर फायनलचा बिट शून्य, म्हणजे खरंच फायनल नाही. फील्डवर नेटिव्हचा बिट शून्य, कारण फील्ड नेटिव्ह असण्याचा प्रश्नच नाही. आणि जावा १७ मधले सील्ड क्लास घ्या: त्यांना बिटच नाही, कोणाला वारस होता येईल त्यांची यादी वेगळ्या जागी ठेवलेली असते, नॉन-सील्ड असं कोणी मुद्दाम लिहिलं तर ते फाइलमध्ये कुठेच उरत नाही. इंटरफेसमधल्या डिफॉल्ट मेथडीलाही बिट नाही. इतर बिटांवरून अनुमान करावं लागतं. या तीन अभावांना एकच शून्य. आमच्या परीक्षेत कोणी असं उत्तर लिहिलं असतं तर आम्ही त्याला पुढच्या वर्षी परत बसवलं असतं.

आता स्काला. जावाच्याच यंत्रावर चालणारी, लोझानमध्ये जन्मलेली भाषा, विद्यार्थ्याच्या प्रेमातली. २०१३च्या जानेवारीत २.१० आवृत्तीबरोबर तिने स्वतःची रिफ्लेक्शन लायब्ररी आणली. त्यात फ्लॅग-सेट आहे, आकडा झाकलेला आहे, म्हणजे वरून नीटस. पण आत कंपायलरच्या चौसष्ट बिटांत दाटी अशी, की जनरल डब्यात माणसं बसावीत तशी एका बिटावर दोनदोन तीनतीन बसलेत. कोव्हेरियंट टाइप आणि बाय-नेम पॅरामीटर यांचा बिट एकच. ट्रेट असणं आणि पॅरामीटरला डिफॉल्ट किंमत असणं यांचाही एकच. आणि त्यात कंपायलरच्या स्वतःच्या आठवणीही आहेत: या नोंदीवर सध्या काम चालू आहे, कुलूप लावलंय, या नोंदीला शिजवण्याचा प्रयत्न करून झाला. हो, खरोखर शिजवण्याचा, नावच तसं आहे.

नैयायिक इथे एक भेद करतात तो फार उपयोगी आहे. विशेषण आणि उपलक्षण. निळं कमळ, यात निळेपण कमळात आहे, ते विशेषण. देवदत्ताचं घर कुठलं, तर ते, ज्याच्यावर कावळा बसलाय. कावळा उडून गेला तरी घर देवदत्ताचंच. ते उपलक्षण. फायनल हे विशेषण आहे. सिंथेटिक हे व्याख्येची जन्मकथा सांगतं. कुलूप लावलंय हे तर शुद्ध कावळा. या सगळ्यांना एकाच पंगतीत बसवलं की वाचणाऱ्याला घराचं वर्णन मिळतं की कावळ्याचं, ते समजत नाही.

पण स्कालातला खरा धडा प्रायव्हेटमध्ये आहे. तिथे प्रायव्हेटला कंस जोडून सांगता येतं, कुठपर्यंत प्रायव्हेट: अमुक पॅकेजपुरतं. आता "कुठपर्यंत" हे एका बिटात कसं मावणार? ते नाव आहे, संबंध आहे. म्हणून ते फ्लॅगच्या शेजारी वेगळ्या जागी ठेवलं. आणि कंपायलर अशा व्याख्येवरचा प्रायव्हेटचा बिट काढून टाकतो! परिणाम काय? ज्याने फक्त फ्लॅग वाचले त्याला तिथे प्रायव्हेटही दिसत नाही आणि प्रोटेक्टेडही नाही. त्याने सहज समजूत करून घ्यावी, की ही सर्वांना खुली आहे. क्लास फाइलमध्ये तर ती पब्लिक म्हणूनच जाते. लिहिणाऱ्याने दार लावलं होतं. वर्णनात दार उघडं आलं.

हे ऐकून आम्हाला आमच्या घरचं एक प्रकरण आठवलं. कोकणातल्या माणसाला सातबारा समजावून सांगायला नको. तोही एका अर्थी रिफ्लेक्शनच आहे, जमिनीने आपल्याविषयी दिलेलं उत्तर. त्यावर भोगवटादार वर्ग १ किंवा वर्ग २ असा शिक्का असतो. वर्ग २ म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही. आमच्या चुलत्यांच्या एका तुकड्यावर २ होता. मुलीच्या लग्नासाठी विकायला निघाले तेव्हा अडलं. का २, हे कोणी सांगेना. १९४८च्या कुळकायद्याच्या कलम ४३ खाली आलेली जमीन असली तरी २, सरकारने दिलेली असली तरी २. कारण वेगळं, परवानगीची वाट वेगळी, आकडा एक. उत्तर शेवटी मिळालं ते गाव नमुना ६ मधल्या फेरफारात, ज्याचा नंबर सातबाऱ्यावरच बारीक अक्षरात होता. ते शोधून काढायला दोन पावसाळे गेले. लग्न उसनवारीवर झालं. सातबारा तयार करणाऱ्याला निदान एवढी बुद्धी होती की आकड्याशेजारी फेरफाराचा नंबर ठेवावा आणि "इतर हक्क" हा मोकळा रकाना ठेवावा. बिटांना इतर हक्क नसतात.

सुरुवातीला आम्ही मॉडिफायरला विशेषण म्हटलं आणि ते पुढे चालणार नाही असंही म्हटलं. ते का, ते सांगायचं राहिलं. आपल्या मालगुंडचे मोरो केशव दामले, केशवसुतांचे बंधू, यांनी १९११ साली शास्त्रीय मराठी व्याकरण लिहिलं. शब्दांच्या जाती कशावरून ठरवायच्या याचा त्यांनी जो खल केला आहे तो वाचून आम्हाला एक सवय लागली: शब्द वाक्यात काय काम करतो ते आधी बघायचं, नाव मागाहून द्यायचं. गोड आंबा म्हणजे गोड वस्तू आणि आंबा, दोन्ही. इथे बेरीज चालते. पण नकली नोट? ती नोट नव्हेच. माजी प्राध्यापक? तुमच्यासमोर उभा आहे, प्राध्यापक नाही. अशा विशेषणांची बेरीज होत नाही, ती नामाचा अर्थच फिरवतात. फ्लॅगमागचं गृहीत असं, की सगळे मॉडिफायर गोड आंब्यासारखे आहेत. स्कालात अॅब्स्ट्रॅक्ट आहे, ओव्हरराइड आहे, आणि दोन्ही एकत्र लावले तर तिसराच अर्थ निघतो: ही मेथड वरच्या मेथडीला बोलावते, पण ती वरची अजून भरलेली नाही. दोघांची बेरीज करून हे मिळत नाही. म्हणून कंपायलर काय करतो? दोन्ही बिट उतरवतो आणि तिसरा, स्वतंत्र बिट चढवतो. बिटांची पद्धत अपुरी आहे याचा याहून स्वच्छ पुरावा आम्हाला सापडलेला नाही, आणि तो त्या पद्धतीच्याच घरातला आहे.

मग दुसरं काय करावं? स्काला-मेटा नावाच्या लायब्ररीत मॉडिफायर हे फ्लॅग नाहीत, वस्तूंची यादी आहे. प्रायव्हेट ही एक वस्तू, आणि कुठपर्यंत हा तिचा अवयव. आम्हाला ही रचना पटते. पण तिचीही मर्यादा आहे: ती लिहिलेलं सांगते, लागू असलेलं नाही. जावाच्या इंटरफेसमधल्या मेथडीवर कोणी काही लिहिलं नाही तरी ती पब्लिक असते, आणि जुना पूर्णांक ते बरोबर सांगतो. लिहिलेल्यांच्या यादीत ते येणार नाही. "काय लिहिलं आहे" आणि "काय लागू आहे" हे दोन प्रश्न आहेत. लायब्ररीने दोन दारं ठेवावीत, आणि लागू असलेल्याच्या दारात प्रत्येक उत्तराबरोबर कशाबद्दल आणि कुठपर्यंत, हे दोन्ही यावं. नसलेल्या गोष्टीबद्दल विचारलं तर "नाही" आणि "प्रश्न गैरलागू" ही वेगळी उत्तरं यावीत. बिट आत असू द्यात हवे तर, यंत्राच्या पोटात. पाणिनीचे अनुबंधही आतच असतात. बोलणाऱ्याच्या तोंडात कृत येतं, क्त येत नाही.

मागून एक चिठ्ठी आली आहे: "सर, एवढ्या वस्तू तयार केल्या तर वेग कमी होणार नाही का?" होईल, थोडा होईल. विद्यार्थ्यालाही आम्ही हेच विचारलं होतं. तो म्हणाला, ते दोन दिवस आम्ही व्होलटाइल मेथडी शोधत होतो, ते कशात धरायचे? पुढची चिठ्ठी सातबाऱ्याबद्दल आहे. ती आपण चहानंतर घेऊ.